१३ डिसेंबरची पहाट: घरी लुसिया कशी करायची

पहिली गोष्ट म्हणजे लुसिया, म्हणजे स्वीडनमधला १३ डिसेंबरचा उजेडाचा सण, संध्याकाळी करू नका. इथे स्वीडनमध्ये नवीन आलेली आपली बरीच मंडळी मुलांसाठी पांढरा झगा आणतात, बॅटरीवरच्या मेणबत्त्यांचा मुकुट आणतात आणि मग ऑफिसमधून आल्यावर हॉलमधले सगळे लाइट लावून फोटो काढतात. मला फार वाईट वाटतं ते बघून, कारण या सणाची सगळी मजा अंधारात आहे. १३ डिसेंबरला स्टॉकहोममध्ये सूर्य साडेआठ वाजून गेल्यावर उगवतो आणि पावणेतीनच्या सुमारास मावळतोसुद्धा, अगदी उत्तरेकडच्या किरुना गावात तर तो उगवतच नाही. म्हणून पहाटे सहा-साडेसहाला उठा, एकही दिवा लावू नका, पडदे उघडे ठेवा.

आता ही लुसिया कोण? ती मुळात सिसिलीतल्या सिराक्यूज गावची मुलगी, सन ३०४ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात ख्रिश्चन म्हणून तिला मारलं. कथा अशी सांगतात की भुयारात लपलेल्या ख्रिश्चनांना ती जेवण न्यायची आणि दोन्ही हात भरलेले म्हणून मेणबत्त्या डोक्यावर बांधायची. पण उत्तरेत तिच्या आधीपासून वेगळंच काहीतरी होतं. जुन्या ज्युलियन कॅलेंडरात वर्षातली सगळ्यात मोठी रात्र याच तारखेच्या आसपास पडायची, स्वीडनने ते कॅलेंडर १७५३ मध्ये सोडलं तरी लोकांच्या डोक्यातून ती रात्र गेली नाही. त्या रात्री लुस्सी नावाची हडळ फिरते, गोठ्यातली जनावरं बोलतात असं मानायचे, मग लोक जागत बसायचे, खायचे-प्यायचे, गुरांनाही जास्तीचा चारा द्यायचे. पांढऱ्या कपड्यातल्या लुसियाची पहिली नोंद १७६४ ची, पश्चिम स्वीडनमधल्या एका जमीनदाराच्या वाड्यातली. गावोगावच्या लुसियाच्या मिरवणुका मात्र विसाव्या शतकातल्या, १९२० च्या दशकात स्टॉकहोमच्या एका पेपरने लुसिया निवडायची स्पर्धा घेतली तिथून ते वाढलं.

तयारी आदल्या दिवशी करायची आणि त्यात मोठं काम एकच, लुसेकात्तेर, म्हणजे केशराचे बन. १५-१६ बनसाठी अर्धा ग्रॅम केशर, २५० मिली दूध, ७५ ग्रॅम बटर, २५ ग्रॅम ताजं यीस्ट (ड्राय असेल तर ७-८ ग्रॅम), १०० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, साधारण ५०० ग्रॅम मैदा आणि १२५ ग्रॅम क्वार्ग. क्वार्ग म्हणजे जवळजवळ आपला चक्काच, भारतात करत असाल तर दही टांगून घ्या. केशर चमचाभर साखरेबरोबर खलबत्त्यात कुटा, आपण श्रीखंडाला करतो अगदी तसंच, आणि थोड्या दुधात भिजवून ठेवा. बटर वितळवून दूध घाला, बोट घातल्यावर गरम-गार काहीच जाणवत नाही इतकंच कोमट हवं, जास्त तापलं तर यीस्ट मरतं. मग सगळं एकत्र करून दहा मिनिटं मनापासून मळा. पीठ हाताला थोडं चिकटतं, चिकटू दे, मैदा ओतत बसलात की बन दगड होतात. झाकून पाऊण तास ठेवा, मग बोटाएवढ्या जाड वळ्या करून दोन्ही टोकं उलट्या दिशेने गुंडाळा, S सारखा आकार येतो, प्रत्येक गुंडाळीच्या मधोमध एक मनुका आत दाबून बसवा. मनुका आधी पाण्यात भिजवलेल्या हव्यात, नाहीतर ओव्हनमध्ये जळतात. परत अर्धा तास फुगू द्या, वरून फेटलेलं अंडं लावा आणि २२५ डिग्रीला आठ-दहा मिनिटं, शेवटची दोन मिनिटं ओव्हनसमोरून हलू नका. बाहेर काढल्यावर लगेच स्वच्छ कापडाखाली झाका म्हणजे मऊ राहतात.

लुसिया होणाऱ्या मुलीचे कपडे सोपे आहेत, लांब पांढरा झगा आणि कमरेला लाल फीत, ती फीत संत लुसियाच्या रक्ताची आठवण. बाकीच्या मुली केसात चमकी बांधतात, हातात एकेक मेणबत्ती. मुलगे टोकदार टोपीवर सोनेरी तारे लावून येतात. लहान मुलांच्या डोक्यावर बॅटरीचाच मुकुट, यात अजिबात तडजोड नको. मोठं कोणी खऱ्या मेणबत्त्या लावणार असेल तर मुकुटाखाली ओला रुमाल आणि जवळ पाण्याची बादली.

आणि पहाटे? बाकीच्यांना झोपू द्या. लुसियाचं गाणं आतल्या खोलीतून, दार बंद असतानाच सुरू करा, चाल नेपल्सची आहे, संथ, दोनदा ऐकली की बसते. आधी नुसता आवाज, मग दाराखालून उजेडाची रेघ, मग दार उघडतं आणि लुसिया झालेली लेक हळूहळू पावलं टाकत येते, ट्रेमध्ये कॉफी आणि बन. माझी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा तो उजेड भिंतीवर सरकताना बघून पांघरुणातच उठून बसली आणि हात जोडले तिने.

उरलेले बन त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका, केशराचा ब्रेड दुसऱ्या दिवशीच कोरडा पडतो. नंतर थोडे गरम करून कॉफीत बुडवून खा.