घरात जिम मांडताय? वजनांच्या आधी मोजपट्टी काढा

‘२० किलो होम जिम’ असं छापलेलं खोकं मी घरी आणलं तेव्हा वाटलं, झालं काम. आत सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेटा, तीन फुटी रॉड, डंबेलचे दोन छोटे रॉड, हातमोजे आणि दोरीउडीची दोरी. महिन्याभरात बैठकांना ते वजन पोरखेळ वाटायला लागलं, खांद्याला मात्र तेच जड. जास्तीच्या प्लेटा मागवल्या, तर त्या रॉडवर बांगडीसारख्या फिरू लागल्या. भोकच मोठं होतं!

पहिली चूक ही इथलीच. बाजारात प्लेटांच्या दोन जाती आहेत. घरगुती प्लेट एक इंची रॉडसाठी असते. जिममधली ऑलिम्पिक प्लेट ५० मिमी जाडीच्या टोकांसाठी. दोन्हींची सरमिसळ चालत नाही. मध्ये बुश, म्हणजे भोक लहान करणारी कडी, घालून भागवता येतं, पण प्लेट डुगडुगतेच. एक जात ठरवा आणि तिलाच चिकटून राहा. ऑलिम्पिक हवंच असेल तर आधी खोली मोजा. तो रॉड २२० सेंमी लांब, म्हणजे सव्वासात फूट, आणि नुसता रॉडच २० किलोचा. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीपासून दोन्हीकडे जेमतेम दीड फूट उरतो. त्यात कपाट आणि पलंग. बहुतेकांना पाच फुटीच परवडतो, जागेच्या हिशेबानेही. मात्र पुढे रॉड टेकवायचा स्टँड घ्यायचा विचार असेल तर त्याच्या दोन खांबांमधलं अंतर या रॉडला जुळतं का, ते आधी पाहा.

रॉड भरीव आहे की पोकळ, हे वजनकाट्यावर कळतं. एक इंच जाडीचा पाच फुटी भरीव पोलादी रॉड सहा किलोच्या आसपास भरतो. तीन किलो भरला तर तो पाइप आहे, त्यावर ६०-७० किलो चढवून खांद्यावर घेऊ नका.

प्लेटा घेताना सगळे मोठ्या आकड्याकडे बघतात, अडतं ते छोट्या प्लेटांपाशी. बैठकांमध्ये ४० वरून ४२.५ किलोवर जाणं म्हणजे सहा टक्क्यांची वाढ, पण एका हाताच्या शोल्डर प्रेसला (वजन खांद्यापासून डोक्यावर ढकलायला) ५ वरून ७.५ किलो म्हणजे थेट दीडपट. खांदा दुखतो तो इथे, आणि आपण दोष देतो वयाला. १.२५ किलोहून लहान अशा चार प्लेटा घ्या. त्या मिळेपर्यंत वजन तेच ठेवून आठाच्या जागी बारा वेळा उचला.

आता कंबर. घरी डेडलिफ्ट करणाऱ्याची, म्हणजे रॉड जमिनीवरून उचलून सरळ उभं राहणाऱ्याची, पाठ दुखली की सगळे म्हणतात, तंत्र चुकलं. असेलही. पण एकदा रॉडची उंची पाहा. स्पर्धेतली मोठी प्लेट ४५ सेंमी व्यासाची असते, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंमीवर राहतो. तुमची प्लेट २५ सेंमीची असेल तर तो साडेबारावर आला. म्हणजे दर वेळी दहा सेंमी जास्त वाकायचं. पाठ गोल होणार नाही तर काय? दोन्ही बाजूंच्या प्लेटांखाली दहा सेंमीचे लाकडी ठोकळे ठेवा, प्लेट घरंगळू नये म्हणून कडेला पट्टी ठोका. सुताराकडचे तुकडेही चालतात.

एकट्याने बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं झोपून रॉड छातीवरून वर ढकलणं, जिवावर बेतू शकतं. रॉड छातीवर अडकला तर काढणार कोण? सेफ्टी बार, म्हणजे रॉड पडताना अडवणारे बाजूचे दांडे, नसतील तर बेंच प्रेस नकोच. जमिनीवर झोपून डंबेलने प्रेस करा. कोपरं फरशीला टेकली की वजन तिथेच थांबतं, आणि नाही जमलं तर बाजूला सोडता येतं.

फरशीचं सांगायचं तर मुलांच्या खोलीतल्या कोड्यासारख्या जोडायच्या फोमच्या चटया इथे कामाच्या नाहीत. वजन घेऊन उभं राहिलं की पाय आत रुततो, घोटा डुलतो. खाली १८ मिमीचं प्लाय आणि वर रबरी मॅट, एवढं पुरतं. तरी वजन आपटायचं नाहीच. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या की जिमचा विषय सोसायटीच्या मीटिंगपर्यंत जातो.

उभ्याने प्रेस करण्याआधी पंखा बघा. पाच फूट आठ इंचाच्या माणसाचे हात रॉडसह सात फुटांवर पोचतात, त्यात प्लेटेची अर्धी उंची मिळवा. पंख्याखाली उभं राहायची जागाच नाही.

पुलअप बार भिंतीत ठोकायचा असेल तर घाई नको. नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे सच्छिद्र हलक्या काँक्रीटच्या विटांच्या असतात. ड्रिल लोण्यासारखं आत गेलं आणि पांढुरका भुसा पडला की समजा, इथे साधे फास्टनर माणसाचं वजन आणि झोके धरणार नाहीत. आधी नुसता बार हलतो, मग प्लास्टर फुटतं. लाल भुगा विटेचा. ड्रिल किंचाळत, अडखळत आत गेलं तर काँक्रीट. बार लावायचा तो काँक्रीटच्या तुळईला किंवा खांबाला. स्लॅबला भोक पाडणार असाल तर आतून विजेचे पाइप गेलेले असतात हे विसरू नका. दाराच्या चौकटीत फिरवून घट्ट बसवायचा बार मिळतो, पण भाड्याच्या घरातली चौकट जुनी असेल तर दोन्ही हातांनी आधी हिसडा देऊन बघा.

मुंबई-कोकणात जिम गच्चीत किंवा बाल्कनीत मांडलीत तर पहिल्याच पावसाळ्यात रॉडला गंज चढेल. तारेच्या ब्रशने घासा, शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा, आणि व्यायामाआधी पकडीची जागा कोरड्या फडक्याने पुसा. तेलकट रॉड डोक्यावर घेतल्यावर ही आठवण होऊन उपयोग नाही.