घरातला आजार पिढ्यांमधून कसा आला ते शोधायला फॅमिली चार्ट कसा काढायचा

"आमच्यात कुणालाच नव्हतं, मग याला कसं झालं" असं म्हणणाऱ्यांनी बरेचदा फक्त वडलांकडच्या लोकांची आठवण काढलेली असते. आईकडची बाजू अर्ध्यावर सोडली की काहीच कळत नाही, म्हणून दोन्हीकडच्या तीन पिढ्या एका कागदावर घ्या.

कागद आडवा धरा, पेन्सिल वापरा कारण खाडाखोड होणारच. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. नवराबायकोला आडव्या रेघेने जोडा, त्या रेघेतून खाली मुलं, मोठं डावीकडे. आजार असेल तो आकार पूर्ण भरा, वारलेल्यांवर तिरकी रेघ, आणि नात्यात लग्न झालं असेल तर दुहेरी रेघ, ही लाजून लपवू नका प्लीज, डॉक्टरला तिचा फार उपयोग होतो.

आता विचारपूस. आजार कितव्या वर्षी सुरू झाला, कशाने वारले, गर्भपात झाले का, तान्ही मुलं गेली का. हे शेवटचे दोन प्रश्न आजी-मावशीला एकटीला गाठून, हळू विचारा, चारचौघांत कुणी सांगत नाही आणि त्यांनाही त्रास होतो. आणि जे ठणठणीत आहेत त्यांनाही चार्टमध्ये घ्याच, नुसते आजारी लोक मांडले तर कुठलाही आजार घराण्यातलाच वाटेल.

मग वाचायचं कसं? भरलेले आकार प्रत्येक पिढीत, बायका-पुरुष दोघांतही दिसले तर एकाच पालकाकडून आलेला बिघडलेला जीन (जीन म्हणजे आईवडिलांकडून मिळणारी, शरीर कसं घडावं याची सूचना) पुरेसा असावा, तिथे प्रत्येक मुलाला 50 टक्के शक्यता. आईवडील दोघं ठीक पण मुलांत आजार, असं असेल तर दोघंही कॅरिअर असू शकतात, म्हणजे बिघडलेला जीन अंगात आहे पण स्वतःला आजार नाही, थॅलेसेमियात (रक्तातलं हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आजार) हेच होतं. इथे शक्यता 25 टक्के, पण ती प्रत्येक गरोदरपणात नव्याने 25 टक्केच असते, एकाला झालं म्हणून पुढचे तिघं सुटले असं अजिबात नाही, हा गैरसमज खरंच महागात पडतो.

मामाला आहे आणि भाच्याला आहे, मधली आई ठीक, तर एक्स क्रोमोझोमवरचा आजार असण्याची शंका घ्या (क्रोमोझोम म्हणजे जीन्सचा गठ्ठा, बायकांत दोन एक्स, पुरुषांत एक एक्स आणि एक वाय), जसं हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, किंवा लाल-हिरव्याचं रंगांधळेपण. असा जीन बापाकडून मुलाला जात नाही कारण मुलाला बापाचा वाय मिळतो, पण मुलींना सगळ्यांना जातो. हिमोफिलियाच्या साधारण एक तृतीयांश केसेसमध्ये मात्र घरात आधी कुणालाच नसतं, बदल नव्यानेच झालेला असतो, तेव्हा आईला दोष देत बसू नका.

डायबेटिस, बीपी, उंची यात असा स्वच्छ पॅटर्न शोधू नका, तिथे खूप जीन्स आणि राहणीमान दोन्ही असतं.

चार्ट झाला की तारीख टाकून जेनेटिक काउन्सेलरला, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्याला, दाखवा. थॅलेसेमियाची शंका असेल तर जोडीदारासकट दोघांचीही हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसची (रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार बघणारी) टेस्ट मूल होऊ द्यायच्या आधीच करून घ्या.