शैक्षणिक सहलीतून शिकणे निसटते कुठे? या चुका टाळा

सहलीच्या दुसऱ्या दिवशी मुलांना ‘काय पाहिले?’ असे विचारावे आणि उत्तरात बसमधली गाणी व डब्यातला खाऊ एवढेच यावे, यात मुलांचा दोष नसतो. चूक बहुधा आखणीत असते आणि सहल निघण्यापूर्वीच ती होऊन गेलेली असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मुलांना पूर्वतयारीविना नेणे. अनोळखी जागी मुलाचे लक्ष आधी स्वच्छतागृह कुठे आहे, जेवण कधी आहे, आपल्या गटात कोण आहे याकडेच जाते. नीर ओरियन आणि अवी हॉफस्टाइन या संशोधकांनी १९९४ साली भूविज्ञानाच्या क्षेत्रभेटींवरील अभ्यासात या नवखेपणाचे तीन पदर सांगितले: विषयाची अपुरी माहिती, ठिकाणाची अनोळख आणि अशा भेटींचा अननुभव. म्हणून आदल्या आठवड्यात एक तासिका राखून ठेवावी, फळ्यावर जागेचा नकाशा काढावा, दिवसाचे वेळापत्रक सांगावे आणि तिथे दिसणाऱ्या वस्तूंपैकी एखादी वर्गातच हाताळायला द्यावी.

दुसरी चूक कृतिपत्रिकेची. तीस रिकाम्या जागा भरायच्या असल्या की मूल काचेच्या कपाटासमोर येते, पाटीवरची ओळ मान खाली घालून उतरवते आणि आतल्या वस्तूकडे नजरही न टाकता पुढच्या कपाटाकडे धावते. मला हे दृश्य फार खुपते, कारण ती ओळ पुस्तकातही मिळाली असती. त्यापेक्षा एकच प्रश्न द्यावा. नदीकाठी गेलात, तर पात्रातला गोटा आणि उतारावरून निखळलेला दगड मुलांच्या दोन हातांत द्यावा आणि एक गुळगुळीत व दुसरा धारदार का, एवढेच विचारावे. वाहत्या पाण्यात दगड एकमेकांवर आपटून, घासून त्यांच्या कडा झिजतात, हे उत्तर शिक्षकांनी निदान दहा मिनिटे तरी सांगू नये. मुले चुकीचे तर्क करतील, आपसांत वाद घालतील, आणि सहलीची खरी कमाई तीच आहे.

छायाचित्रांचा सपाटाही नडतो. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांच्या २०१४ मधील संग्रहालयातील प्रयोगात, ज्या वस्तूंचे सहभागींनी पूर्ण छायाचित्र घेतले त्या त्यांना कमी आठवल्या. मात्र वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपला, तेव्हा ही घट दिसली नाही. तेव्हा मोबाइलवर सरसकट बंदी घालण्यापेक्षा प्रत्येकाला एक बारकावा टिपायला किंवा त्याचे रेखाचित्र काढायला सांगावे.

वर्गशिक्षकांचा सगळा दिवस डोकी मोजण्यात जात असेल, तर लहान गट करून प्रत्येक गटासोबत एक मोठी व्यक्ती द्यावी. मार्गदर्शकालाही मुलांची इयत्ता आणि ठरवलेला प्रश्न आधीच कळवावा, म्हणजे तो पाठ केलेले भाषण देणार नाही.

परतल्यावर ‘आमची सहल’ हा निबंध लिहून घेऊन विषय मिटवणे, ही शेवटची आणि सर्रास होणारी चूक. निबंधाऐवजी दुसऱ्या दिवशी ते दोन्ही दगड टेबलावर ठेवावेत, मुलांच्या वह्यांतले अनुत्तरित प्रश्न फळ्यावर लिहावेत आणि भूगोलाचा पुढचा धडा त्यांपैकीच एका प्रश्नापासून सुरू करावा.