बंदूक घेण्याआधी डोळा तपासा

क्ले शूटिंगची, म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्या छर्ऱ्यांच्या बंदुकीने फोडण्याची, चटक लागली की पैसे आधी बंदुकीवर आणि चोकवर (नळीच्या तोंडाचा, छर्ऱ्यांचा फैलाव ठरवणारा अरुंद भाग) उडतात. त्याआधी प्रमुख डोळा, म्हणजे नेम धरताना मेंदू ज्याच्यावर भर देतो तो, ओळखा. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खुणेवर बोट रोखा आणि डावा डोळा मिटा. बोट खुणेवरच राहिलं तर उजवा डोळा प्रमुख. सरकलं तर बहुधा डावा. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा डोळा प्रमुख असेल तर छर्रे तबकडीच्या डावीकडून जातात. अशा वेळी चष्म्याच्या डाव्या काचेवर, बाहुलीसमोर, धुरकट चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा.

मग दस्ता, म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग. बंदूक रिकामी आहे ना, हे उघडून पाहा. सुरक्षित दिशेला तोंड करून, डोळे मिटून ती खांद्याला लावा आणि डोळे उघडा. नळीवरची पट्टी सरळ रेषेत दिसायला हवी. पट्टीच दिसत नसेल तर दस्त्याचा गालाखालचा भाग बुटका आहे: मार खाली जातो, किंवा नेमबाज नकळत मान उचलतो आणि मार वरून जातो. चोक बदलून हे सुटत नाही.

काडतूस सुरुवातीला २१ किंवा २४ ग्रॅम छर्ऱ्यांचंच घ्या. २८ ग्रॅमच्या धक्क्याने दचकायची सवय लागली की ती सुटता सुटत नाही.