प्रवासातून रेकॉर्ड आणताना

संग्राहक मित्राला भेट द्यायला प्रवासात जुनी एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड) घेताय? नुसत्या कव्हरवर भाळू नका. तबकडी बाहेर काढून उजेडात तिरकी धरा. केसासारखे बारीक ओरखडे बहुधा चालून जातात. नखाला लागणारी चीर मात्र सुईलाही लागणारच. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेल्या क्रमांकाचा फोटो काढा. आवृत्ती ओळखायला त्याचा मोठा उपयोग होतो.

बॅग भरताना तबकडी आतल्या पाकिटासकट बाहेर काढून कव्हरच्या मागे ठेवा आणि दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा लावा. नाहीतर हादऱ्यांनी तिची कड कव्हरची शिवण उसवते. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) लाखेच्या तबकड्या तर पडल्या की फुटल्याच, त्या हातातल्या सामानातच बऱ्या. उन्हात उभ्या गाडीत कुठलीच रेकॉर्ड ठेवू नका, वाकडी होते.

कुठे, कधी, कोणाबरोबर घेतली ते चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून आत सरकवा. थेट कव्हरवर नको, मजकूर कितीही प्रेमाचा असला तरी! दुकानाचं जुनं स्टिकर निघत नसेल तर ओरबाडू नका. काही संग्राहकांना ते तसंच हवं असतं.