दुकानात प्रती ठेवताय? आधी चलन करा

पहिलं पुस्तक स्वखर्चानं छापताना हजार प्रतींचा मोह आवरा. तीनशे पुरे, उरलेले गठ्ठे पलंगाखाली राहतात आणि त्यांना कसर लागते. किंमत ठरवताना विक्रेत्याचं कमिशन आधीच धरा. ते 40 टक्के ठरलं तर 200 रुपयांच्या प्रतीमागे तुमच्या हातात 120च येतात. छपाईला 110 गेले असतील तर रिक्षाचं भाडंही सुटत नाही.

दुकानदार बहुधा 'विकली की पैसे' या बोलीवर प्रती ठेवतो. पन्नास नको, पाचच द्या, पण चलन, म्हणजे माल दिल्याची पावती, करून: प्रतींची संख्या, छापील किंमत, कमिशन, तारीख, खाली सही-शिक्का. एक कागद त्याला, एक तुम्हाला. मी एके ठिकाणी तोंडी बोलीवर वीस दिल्या होत्या, वर्षानं गेलो तर गल्ल्यावरचा म्हणाला, "कुठलं पुस्तक?" दोन महिन्यांनी स्वतः जाऊन हिशेब करा, फोनवर तो होत नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, सरकारी राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन, फुकट मिळतो. त्यासाठी कुणाला पैसे मोजू नका. आणि भेटीच्या प्रती वाटताना हात जरा आखडता. आत्या-मामा कौतुक करतात, वाचत नाहीत. त्यापेक्षा एक प्रत गावच्या वाचनालयात द्या.