सोलापूरच्या उन्हात वाईन घेताना

स्वस्तात चांगली वाईन हवी असेल तर आधी दुकान बघा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४० च्या वर जातो. तशा उकाड्यात महिनोन्महिने फळीवर उभी असलेली बाटली, नाव कितीही मोठं असो, घेऊ नका. एसीतली किंवा फ्रीजमधलीच मागा. लेबलवरचं साल किंवा बाटलीत भरल्याची तारीख वाचा. कमी किमतीतली व्हाइट दोन वर्षांच्या आतलीच बरी. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हा समज सोडून द्या.

झणझणीत मटण, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा बेत असेल तर शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाईन घ्या. तिचा किंचित गोडवा तिखट सावरतो. तुरट रेड मात्र तोंडाची आग वाढवते. हुरडा पार्टीला रोझे, म्हणजे गुलाबी वाईन. भेट द्यायची तर आपल्याच जिल्ह्यातल्या, अकलूजच्या फ्रॅटेली या वाईन कंपनीची सांजोव्हेसे ही रेड द्या, मला ती मनापासून आवडते.

आणि रेड थंड करायची नसते हे इथे विसरा. उन्हाळ्यात अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवूनच ओता. उरलेली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्येच ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा.